छपरावरचा मुद्देमाल

नोकरीत माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबर आता सांगता यायचे नाहीत. आरोपींचे चेहरेही एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण चोरी करून जाताना घरातले दूध झाकून गेलेल्या चोरांचा गुन्हा मात्र मी विसरू शकलेलो नाही. त्यातली माणसे अजून त्याच डोंगरांत राहतात, म्हणून कोणाचे नाव घेत नाही आणि गावाचेही सांगत नाही.

मी तेव्हा वेल्ह्याला फौजदार होतो. ठाणे लहान, हद्द मोठी. निम्मी हद्द जीपमधून दिसायची, उरलेली पायी. बांधावरची भांडणे, जनावरांची चोरी, दारू, आणि सुटीच्या दिवशी पालीकडून राजगडावर चढलेल्या पोरांपैकी कोणी वाट चुकला तर त्याचा शोध, हे आमचे नेहमीचे काम. राज्यभर भारनियमन जोरात होते. ठाण्यातसुद्धा निम्मा दिवस पंखा बंद असायचा आणि ठाणे अंमलदार टेबल दाराशी ओढून उजेडात स्टेशन डायरी लिहायचा.

लग्नसराईतल्या एका सकाळी पन्नाशीचा एक शेतकरी आठ-दहा माणसे बरोबर घेऊन ठाण्यात आला. त्यांच्या वाडीला मी खालची वाडी म्हणतो. डांबरी रस्त्याला लागून, एसटी दारात थांबते अशी वाडी. आदल्या दिवशी एका घरचे लग्न नसरापूरच्या बाजूला होते. सगळी वाडी टेम्पोत बसून वऱ्हाडाला गेली. संध्याकाळी परत येऊन बघतात तर छपरांवरच्या सोलरच्या प्लेटा गायब. खालच्या बॅटऱ्या, वायरी आणि दिवेसुद्धा काढून नेलेले.

"सगळ्या गेल्या?" मी विचारले.

"घरावरल्या समद्या, साहेब."

"आणि दुसरं काय काय गेलं?"

त्याने बरोबरच्यांकडे पाहिले. "दुसरं... काय न्हाई गेलं."

या प्लेटा काही महिन्यांपूर्वीच बसल्या होत्या. पुण्याच्या एका धर्मादाय संस्थेने पैसे दिले होते आणि एका ठेकेदाराशी करार करून काम त्याच्याकडे सोपवले होते. पुढच्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन ठरले होते, मांडवाचे बांबूसुद्धा येऊन पडले होते. फिर्यादी हा वाडीच्या समितीचा प्रमुख. त्यामुळे त्याला चोरीपेक्षा फजितीचे जास्त लागले होते. मी घरफोडी आणि चोरीचा गुन्हा दाखल केला आणि हवालदाराला घेऊन पंचनाम्याला निघालो.

चोरीच्या जागेवर गेल्यावर मी आधी गेलेल्या वस्तू बघत नाही, राहिलेल्या बघतो. फिर्यादीच्या घरात टीव्ही जागेवर होता. तांब्या-पितळेची भांडी फळीवर ओळीने होती. कोनाड्यात मोबाईल चार्जिंगला लावलेला तसाच राहिला होता, आणि त्या काळी मोबाईल ही चोराने सोडण्याची वस्तू नव्हती. छपरावर चढलो. प्लेट काढताना सरकलेली कौले परत नीट बसवलेली होती. नट-बोल्ट एका फडक्यात बांधून खुंटीला अडकवलेले. शेजारच्या घरी तोच प्रकार. त्याच्या पुढच्या घरी तर मोकळ्या राहिलेल्या कोंबड्याही कोणीतरी डालाखाली झाकून ठेवल्या होत्या.

आणखी एक गोष्ट दिसली. वाडीच्या देवळावरही एक प्लेट होती. ती तशीच होती. चढायला सगळ्यात सोपी जागा ती, आणि तीच सोडलेली.

"ही का नाही नेली?" मी विचारले.

"ती आमच्या वर्गणीची हाय," फिर्यादी म्हणाला. "सौंस्थेची न्हाई."

चोराला ते कसे ठाऊक, हा प्रश्न त्याला पडला नाही. मला पडला.

पंचनाम्यावर पंचांच्या सह्या होत होत्या तेव्हा फिर्यादीची बायको चुलीपाशी उभी होती. ती आपणहूनच म्हणाली, "साहेब, दुधावर ताट झाकल्यालं व्हतं."

"मग?"

"म्या झाकलं न्हवतं. निघायच्या गडबडीत उघडंच ऱ्हायलं व्हतं. वाटंत आठवलं मला. म्हनलं, मांजर पिऊन जाईल." एवढे बोलून ती एकदम थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आले आणि गेले. मग पदर सावरून ती आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही.

मी त्या वेळी तिला काही विचारले नाही. माणूस स्वतःच्याच बोलण्याने दचकला की त्याच्या मागे लगेच धावू नये. तो आणखी आत जातो. पण परत येताना जीपमध्ये मी हवालदाराला म्हणालो, "हे चोर या घरांत पूर्वी जेवलेले आहेत."

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता ठेकेदार ठाण्यात आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. म्हणाला, "साहेब, गरिबांच्या मागे पोलिसांचं झंझट कशाला? मी नव्या प्लेट बसवून देतो. उद्घाटन होऊन जाऊ द्या. फिर्याद मिटवून टाका."

"फिर्याद दाखल झाली की मिटवणं माझ्या हातात नसतं. पण तुमचा माल चोरीला गेलाय आणि तुम्हालाच तपास नको, हे कसं?"

"तसं नाही हो. आपलं नाव खराब होतं."

ज्याचे नुकसान झाले आहे तो सहसा आमच्या मागे लागतो, दिवसातून दोनदा फोन करतो. हा गडी उलट आम्हाला थांबवायला आला होता. मी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि त्याचा पत्ता लिहून घेतला.

चोरलेला माल विकायला कुठेतरी येणारच, म्हणून वेल्हे, नसरापूर आणि भोरच्या बॅटरीवाल्यांना, भंगारवाल्यांना निरोप गेला. नसरापूरला बॅटरी दुरुस्तीचे दुकान चालवणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. तीन पिढ्या तिथेच, बोलणे अस्सल मावळी. त्यांचा निरोप आला म्हणून मी स्वतः गेलो.

"इकायला कोन न्हाई आलं, साहेब," चाचा म्हणाले. "पर एक बाई आली व्हती घ्यायला. बॅटरीत वतायचं पानी मागत व्हती. आन् जाताना इचारलं, तांबडी वायर कुठं लावायची आन् काळी कुठं."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं की. न्हाई सांगितलं तर हात भाजून घेतील." मग थोडे घुटमळून म्हणाले, "चोर वाटली न्हाई हो मला. चोर माल इकतो. ही तर लावायचं इचारत व्हती."

बाई कुठली, हे त्यांना नक्की माहीत नव्हते. पण ती वरच्या वाडीच्या गाडीवाटेपाशी उतरवणाऱ्या एसटीत बसली, हे त्यांनी पाहिले होते.

वरची वाडी हे नावसुद्धा आमच्याकडे फक्त बोलण्यात होते. सरकारी दप्तरात खालची आणि वरची मिळून एकच गाव, एकच नाव. खालच्या वाडीत विजेचे खांब कधीचे आले होते. वरच्या वाडीला रस्ताच नव्हता. गाडीवाट ओढ्याशी संपायची आणि पुढे उभी चढण.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार, दोन पंच आणि मी वर चढलो. कारवीच्या झुडपांतून बाहेर पडल्यावर पहिले घर दिसले आणि हवालदार थांबला. छपरावर प्लेट उन्हात चकाकत होती. पुढच्या घरावर दुसरी, त्याच्या पुढे तिसरी. ना झाकल्या होत्या, ना लपवल्या होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत चोरीचा माल मी भुशात, विहिरीत, शेणाच्या ढिगात सापडलेला बघितला होता. छपरावर उन्हात मांडलेला पहिल्यांदाच बघत होतो.

आम्हाला बघून कोणी पळाले नाही. उलट एका बाईने ओसरीवर घोंगडी अंथरली. पंचेचाळिशीची, सडपातळ, ठाम चालीची. वाडीतले सगळे तिला आक्का म्हणत होते. मीही तेच म्हणतो.

"या, साहेब. वाटच बगत व्हतो," आक्का म्हणाली.

"आमची वाट? का बरं?"

"खाली कंप्लेट झाली म्हनं. मंग तुमी येनारच की."

"या प्लेटा खालच्या वाडीतून आणल्यात का?"

"व्हय."

"कुणी?"

"समद्यांनी. पर ठरिवलं म्या. काय करायचं त्ये माजं करा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. कबुली इतक्या सहज मिळाली की चौकशीला काही राहत नाही असे वाटते. पण अशा वेळीच खरी चौकशी सुरू होते. मी टोपी काढून घोंगडीवर बसलो.

"चोरी केलीत हे कळतंय ना?"

"चोरी?" ती पहिल्यांदाच चिडली. "आमचं हाय ते आमी आनलं. त्यात चोरी कुठली?"

मग तिने सगळे सांगितले. दीड-दोन वर्षांपूर्वी संस्थेची एक तरुण बाई धापा टाकत वर आली होती. देवळापुढे सगळ्यांना बसवून तिने करार वाचून दाखवला. जिथे विजेची लाईन पोचलेली नाही अशा वस्तीला सोलर मिळणार. घराला एक प्लेट, एक बॅटरी, दोन दिवे. सगळ्यांनी अंगठे उठवले, ज्यांना लिहिता येत होते त्यांनी सह्या केल्या. पावसाळा गेला, दुसरा गेला. कोणी आले नाही. फोन करायला रेंज नव्हती, संस्थेचा पत्ता कोणाकडे नव्हता. मग एक दिवस वरच्या वाडीतला एक जण दळण घेऊन खाली गेला आणि त्याने छपराछपरावर प्लेटा पाहिल्या.

"म्या ठेकेदाराला गाठलं खाली. तो म्हनाला, करारात वाडी लिवलीय, वाडीत बशिवल्या. म्हनलं, आवो आमचे अंगठे हाईत. तर म्हनाला, वर कोन मरायला येतंय वझं घिऊन?"

तेवढ्यात आतून एक तरुण बाई चहा घेऊन आली. कपबशी तिने उजव्या हातानेच पुढे केली. डावा हात कोपरापासून खाली आक्रसलेला होता, गळ्यापर्यंत भाजल्याचा डाग.

"माजी सून," आक्का म्हणाली. "गेल्या थंडीत चिमनीवर पदर पडला. रॉकेलची चिमनी. झोळीतनं खाली न्हेली हिला, वाटंत दोनदा वाटलं संपली म्हनून. त्या दिसापास्नं माज्या डोक्यात येकच व्हतं. ह्या घरात चिमनी नगं."

मी चहा घेतला. मग राहिलेला प्रश्न विचारला. "आपलंच होतं म्हणता, मग घरं रिकामी असताना का गेलात? सगळ्यांसमोर का नाही आणलंत?"

ती बराच वेळ गप्प राहिली.

"खालची वाडी माजं म्हायेर हाय, साहेब. ज्यानं कंप्लेट दिली त्यो माजा सख्खा भाऊ. त्याच्या तोंडावर कसं काढनार? त्याला हो म्हनता आलं नसतं आन् न्हाई बी म्हनता आलं नसतं. त्याला त्या पेचात कशाला पाडू?"

दूध कोणी झाकले, हे मी विचारले नाही. भावजय चुलीपाशी का गप्प झाली, तेही आता कळले.

वाडीतच पंचांसमक्ष जबाब घेतले, वरचा पंचनामा केला. प्लेटा हलवायच्या नाहीत अशी समज दिली आणि मी कोणालाही अटक न करता खाली उतरलो. त्यावरून मला बोलणी बसली. वरिष्ठांचे म्हणणे सरळ होते. माल सापडला, आरोपी कबूल, मग अटक का नाही? उद्घाटनवाल्यांचेही फोन येत होते. मी वेळ मागून घेतला.

त्या दुपारी फिर्यादीला ठाण्यात बोलावून सांगितले, "माल सापडला. तुमच्या बहिणीकडे आहे."

तो बाकावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "कंप्लेट मागं घेतो, साहेब."

"ती मागं घेता येत नाही. आता ती सरकारची फिर्याद आहे. गुन्हा सिद्ध झाला तर बहीण आत जाईल."

"म्या भनीवर न्हाई दिली वो कंप्लेट! म्या चोरावर दिली!"

"तुम्हाला माहीत होतं का, की प्लेटा वरच्या वाडीच्या होत्या?"

या प्रश्नावर माणूस दोन प्रकारे गप्प बसतो. माहीत नसले तर आठवत बसतो. माहीत असले तर जमिनीकडे बघतो. तो जमिनीकडे बघत होता.

"ठेकेदार म्हनला, वरचे नगं म्हनले. मला ते खरं वाटलं न्हाई. पर भारनियमनात आमची बी पोरं अंधारात बसायची. म्या इचारलं न्हाई कुनाला. तिला बी न्हाई इचारलं. तिच्या सुनंला बगायला गेलो व्हतो दवाखान्यात, तवा बी न्हाई."

तो तसाच उठून गेला. 

मी भोरला गेलो, सरकारी वकिलांकडे. वयस्कर गृहस्थ, कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या सगळे ऐकून घेतले आणि हसले.

"फौजदारसाहेब, मालक स्वतःच्याच वस्तूचा चोर ठरू शकतो, माहीत आहे ना? घड्याळ दुरुस्तीला टाकलंत आणि मजुरी बुडवायला दुकानदाराच्या नकळत उचलून आणलंत, तर घड्याळ तुमचं असूनही ती चोरी. कायदा ताबा बघतो. प्लेटा खालच्या वाडीच्या ताब्यात होत्या."

"म्हणजे आक्का अडकली."

"अजून नाही. आता उलटं बघा. एखाद्यानं वस्तू आपलीच आहे असं मनापासून समजून उचलली, तर ती वस्तू उद्या दुसऱ्याची निघाली तरी ती चोरी होत नाही. कलमात एक शब्द आहे, अप्रामाणिकपणे. तो नसेल तर चोरी नाही. आता तिचा समज खरा होता की पकडल्यावर सुचलेली सबब आहे, हे मला सांगू नका. शोधून आणा."

मला याचे फार नवल वाटले. रोज लावत होतो ते कलम, आणि त्याच्या पोटात एवढे काही दडले आहे याचा कधी विचार केला नव्हता. परतताना मी मनात एकेक गोष्ट जुळवत गेलो. देवळावरची प्लेट सोडली, कारण ती करारातली नव्हती. मोबाईल सोडला. कौले बसवली. नेलेल्या वस्तू विकल्या नाहीत, लपवल्या नाहीत, स्वतःच्या छपरावर लावल्या. चाचांकडे ती जोडणी विचारायला गेली, तेही कोणी पोलीस वर पोचण्याच्या आधी. पकडल्यावर सुचलेली सबब अशी नसते.

राहिला करार. संस्थेच्या कार्यालयातून त्याची प्रत मागवली. वस्तीचे नाव लिहिताना फक्त गावाचे सरकारी नाव आणि पुढे 'वाडी' एवढेच लिहिले होते. ठेकेदाराला सापडलेली फट ती. पण लाईन न पोचलेल्या वस्तीची अट आक्काने सांगितली तशीच होती, आणि रस्ता नसलेल्या जागी माल डोक्यावरून वाहायचा वेगळा दर होता. संस्थेची ती तरुण बाई स्वतः ठाण्यात आली. तिने सांगितले, ठेकेदाराने तो दर लावून बिल घेतले होते. काम वरच पूर्ण झाले, अशी तिची समजूत. हस्तांतराच्या कागदावर अंगठेही होते. मध्यंतरी तिचे काम बदलले आणि पाहणीला वर कोणी गेलेच नाही. आपल्याला फसवले आहे हे कळताच तिने तिथेच बसून रीतसर तक्रार लिहून दिली.

ठेकेदाराला बोलावले. फाईल घेऊन आला. आधी म्हणाला, करारात वाडी आहे, वाडीत बसवल्या. डोक्यावरच्या वाहतुकीचे बिल पुढे ठेवल्यावर त्याने सूर बदलला.

"माल वर नेलाच होता, साहेब. मी स्वतः बरोबर होतो. पण लोक आडमुठे. नको म्हणाले. मग खाली आणून बसवला."

"तुम्ही स्वतः गेला होता?"

"दोन वेळा."

"मग चला. मला ती जागा दाखवा, जिथं माल ठेवला होता."

"आत्ता?"

"आत्ताच. तुम्ही पुढं चाला, आम्ही मागं येतो."

खोटे बोलणाऱ्याला खोलीत बसवून विचारले की तो शब्दांनी वाट काढतो. त्याला खऱ्याखुऱ्या वाटेवर उभे केले तर शब्द उपयोगी पडत नाहीत. जीप ओढ्याशी थांबली. ओढा ओलांडल्यावर दोन वाटा फुटतात. एक रुंद, मळलेली. दुसरी करवंदीच्या जाळीतून वर जाणारी, नीट पाहिली तरच दिसणारी. ठेकेदार तिथे थांबला. त्याने हवालदाराच्या तोंडाकडे पाहिले. हवालदार आभाळाकडे बघत होता. ठेकेदाराने रुंद वाट धरली.

 तो पुढे, आम्ही मागे. तो मध्येच मागे वळून बघायचा, मी मान हलवायचो, तो पुढे चालायचा. शेवटी ती वाट एका डोहावर जाऊन संपली. डोहात म्हशी बसल्या होत्या. पलीकडे नुसता कातळ.

"आता?" मी विचारले.

त्याने म्हशींकडे पाहिले, कातळाकडे पाहिले आणि एका दगडावर बसला. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता. "साहेब," तो म्हणाला, "मजूर मिळत नव्हते वर यायला."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून पुढचे काम आम्ही पुराव्याने केले. माल आणणाऱ्या ट्रक ड्रायव्हरने सगळा माल खालच्या वाडीत उतरवल्याचा जबाब दिला. हस्तांतराच्या कागदावरचे अंगठे तपासणीला पाठवले. ते वरच्या वाडीतल्या कोणाचेच नव्हते. ठेकेदारावर फसवणूक आणि बनावट कागदाचा स्वतंत्र गुन्हा दाखल झाला आणि त्यात त्याला अटक केली. खटला रेंगाळत चालला. माझी बदली झाल्यावर त्याला शिक्षा झाल्याचे कळले. उद्घाटन झालेच नाही.

पण त्याला अटक झाली तेव्हाच एक अडचण उभी राहिली होती. नियमाप्रमाणे प्लेटा हा मुद्देमाल. तो जप्त करून ठाण्याच्या खोलीत ठेवायचा आणि खटला संपेपर्यंत तिथेच राहू द्यायचा. म्हणजे आक्काच्या घरात परत चिमणी. मी सरकारी वकिलांशी बोलून कोर्टात अर्ज दिला, की मुद्देमाल आहे तिथेच, वरच्या वाडीच्या ताब्यात, सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायची लेखी हमी घेऊन ठेवावा. त्यावर चोरीच्या गुन्ह्यातल्या फिर्यादीचे म्हणणे ऐकणे भाग होते.

तारखेला भाऊ-बहीण दोघे भोरच्या कोर्टात आले. वेगवेगळ्या एसटीने आले, व्हरांड्याच्या दोन टोकांना उभे राहिले. पुकारा झाल्यावर न्यायाधीशांनी फिर्यादीला विचारले, "या बाईंच्या ताब्यात प्लेटा ठेवायला तुमची हरकत आहे का?"

"न्हाई."

न्यायाधीश आक्काला म्हणाले, "खटल्याचा निकाल लागेपर्यंत नीट सांभाळाव्या लागतील. मोडतोड झाली तर जबाबदार तुम्ही. दिवे चालू आहेत ना?"

"थोडा येळ चालत्यात, साहेब," आक्का म्हणाली. "जेवनं हुस्तोवर. मंग जात्यात."

मागून भावाचा आवाज आला. विचारले नसताना तो बोलला. "प्लेटांचं तोंड उत्तरंला केलं आसंल तिनं. दक्षिनंला पायजे. त्या बिगर बॅटरी भरत न्हाई."

शिरस्तेदाराने त्याला गप्प बसायची खूण केली. न्यायाधीशांनी मात्र पेन खाली ठेवले. "तुम्हाला जमतं का ते?"

"जमतंय की. आमची म्याच बशिवली व्हती मिस्त्रीबरूबर." तो आक्काकडे न बघता म्हणाला, "उद्या येतो वर. नट-बोल्ट माज्याकडंच हाईत, फडक्यात बांधल्यालं."

आक्काने पदर तोंडाला लावला. हसली की रडली, मागून दिसले नाही.

चोरीच्या गुन्ह्यात मी 'क' समरी पाठवली. फिर्याद खोटी नाही आणि खरीही नाही, गैरसमजातून झालेली, असा त्याचा अर्थ. कोर्टाने ती मंजूर केली. खालच्या वाडीने स्वतःची प्लेट देवळावर ठेवली, आणि घरांसाठी परत भारनियमनाचे वेळापत्रक बघत राहिली. सगळेच खूश झाले असे सांगणार नाही. काही घरांत वरच्यांशी बोलणे बरेच दिवस बंद होते.

त्यानंतर मी बरीच वर्षे नोकरी केली, मोठ्या ठाण्यांत केली, मोठ्या चोऱ्याही उघड केल्या. पण कुठल्याही फिर्यादीत वस्तू कोणी नेली हे कळले की मी पूर्वीसारखा थांबत नसे. करारात काय लिहिले आहे ते वाचायचो, आणि तो करार ज्या जागेसाठी आहे त्या जागेवर स्वतः चालत जायचो. ठेकेदाराच्या फाईलमध्ये सगळे कागद शिस्तीत लावलेले होते आणि आक्काकडे एकही कागद नव्हता. टेबलावर बसून निवाडा केला असता तर तो जिंकला असता.

पंचनाम्यात छपराची उंची लिहिता येते, कौले किती सरकली ते लिहिता येते. माणसाने ती वस्तू कोणत्या मनाने उचलली, यासाठी त्यात रकाना नसतो. ते त्याच्या ओसरीवर बसून विचारावे लागते, आणि तो बराच वेळ गप्प राहिला तरी उठायचे नसते.